'ट्वेल्व्ह साँग्ज' डेमो टेप नाहीये!

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. अमेरिकन गायक-गीतकार नील डायमंडचा २००५चा हा अल्बम म्हणजे अर्धवट डेमो (पक्क्या रेकॉर्डिंगआधीचा कच्चा नमुना), आवाज थकलेला, निर्माता रिक रुबिनने कंट्री गायक जॉनी कॅशवर वापरलेला साध्या साथीचा फॉर्म्युलाच परत वापरला आणि लोकांनीही घेतला नाही, असं तुमचं म्हणणं. मला यातलं काहीच पटत नाही.

आवाजाचं आधी बोलूया कारण खरा मुद्दा तोच आहे. ६४ वर्षांचा माणूस, कित्येक वर्षं स्टुडिओत नुसता माइकसमोर उभा राहून गाणारा, आणि रुबिनने हट्ट धरला की गाताना गिटारही तूच वाजव. आता ज्यांनी कधी स्वतः वाजवत गायलंय त्यांना माहितीये, हात चालू असला की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचं सुचतच नाही, श्वास कुठे घ्यायचा, ओळ कुठे सोडायची हे स्ट्रमिंग ठरवायला लागतं आणि माणूस आपोआप बोलल्यासारखा गातो. तुम्हाला जो थकवा वाटतोय तो हा आहे. पहिलंच 'ओ मेरी' हेडफोन लावून ऐका, किती जवळून गातोय तो! स्टेजवरचा डायमंड मलाही आवडतो, पण तो हजारो लोकांसाठी गातो, हा एकासाठी.

फॉर्म्युल्याचं म्हणाल तर कॅशच्या १९९४च्या अल्बमवर निम्म्याहून जास्त गाणी दुसऱ्यांची होती, इथे सगळी गाणी डायमंडने स्वतः लिहिलेली. फरक मोठा आहे हो. दुसऱ्याचं गाणं सोलून काढणं वेगळं आणि आपलंच नवं लिहिलेलं असं उघडं ठेवणं वेगळं, तिथे कच्ची ओळ लपवायला जागा नसते. आणि कॅशने २००० साली रुबिनकडेच डायमंडचं १९६६चं 'सॉलिटरी मॅन' गायलं होतं, म्हणजे ही गाणी साध्या साथीवर उभी राहतात हे आधीच दिसलेलं.

विक्रीचं तर अजिबात नाही पटलं. अल्बम बिलबोर्डच्या अमेरिकन अल्बम यादीत चौथ्या नंबरला गेला आणि त्याच महिन्यात रेकॉर्ड कंपनी सोनी बीएमजीला सीड्या परत मागवाव्या लागल्या, कारण सीडीची नक्कल होऊ नये म्हणून घातलेल्या त्यांच्या कॉपी प्रोटेक्शनमुळे लोकांच्या कॉम्प्युटरवर गुपचूप सॉफ्टवेअर बसत होतं. यात गाण्यांचा काय दोष? पुढे २००८ला रुबिनबरोबरचाच पुढचा अल्बम पहिल्या नंबरला गेला, अख्ख्या करिअरमधला पहिला.

गाण्यांवर भांडायचं तर जरूर भांडूया. 'मॅन ऑफ गॉड' मलाही जरा लांबलेलं वाटतं. पण 'एव्हरमोर' कसं हळूहळू भरत जातं ते ऐकून त्याला डेमो म्हणायचं? नाही, ते मी मान्य करणार नाही.