ट्रॉलीच्या कुजक्या फळ्यांवर पत्रा मारू नका

मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: मुंबईच्या पावसात लाकूड टिकतच नाही, म्हणून विसर्जनाच्या ट्रॉलीच्या फळ्या बदलण्यात पैसे घालवू नका. जुन्या फळ्यांवरच चेकर्ड पत्रा (उंचवट्यांची नक्षी असलेला जाड लोखंडी पत्रा) वेल्ड करून घ्या, काम कायमचं मिटेल. फळ्या बदलायच्याच असतील तर सागाच्या घ्या, फट न ठेवता घट्ट भिडवा आणि वरून जळकं ऑईल (गाडीच्या इंजिनातून काढलेलं वापरलेलं तेल) पाजा. मला हा मेसेज तीन मंडळांतल्या कार्यकर्त्यांनी पाठवला. त्यातलं एक मंडळ तर पत्रा आणायला निघालं होतं. त्या फळ्यांवर मूर्ती उभी असते आणि मूर्तीला धरून आपली पोरं उभी असतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला मुद्दा, लाकूड पावसाने कुजतं. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही. फळी भिजली आणि वाळली तर तिला काही होत नाही. भिजली आणि ओलीच राहिली तर ती जाते. आपली ट्रॉली वर्षभर गल्लीत उघड्यावर उभी असते, वर ताडपत्री अशी आवळून बांधलेली की आतली वाफ बाहेर पडायला जागा नाही. चार महिने हे चाललं की फळी कुजणारच. ताडपत्रीखाली चार ठोकळे ठेवून ती उचलून धरा, बाजूंनी वारा खेळू द्या.

चौपाटीच्या खाऱ्या पाण्यालाही लोक उगाच दोष देतात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. मीठ खातं ते लोखंडाला: बोल्ट, चॅनल (फळ्यांखालच्या लोखंडी पट्ट्या), ॲक्सल. त्यामुळे मुंबईत लाकूड टिकत नाही म्हणून पत्रा घाला, हा सल्लाच उलटा आहे. दरवर्षी समुद्राला जाऊन येणाऱ्या गाडीवर सगळ्यात आधी गंजणार आहे तो पत्राच. विसर्जनाहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी ट्रॉली गोड्या पाण्याने धुवा आणि उन्हात वाळू द्या.

आता पत्रा. हा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण हे आमच्या मंडळाने करून पाहिलंय. जुन्या फळ्यांवर पत्रा मारला, दोन वर्षं सगळ्यांना छान वाटलं. तिसऱ्या वर्षी मागचा कोपरा दबला म्हणून पत्रा कापून उघडला, तर खालची फळी हाताने कुस्करता येत होती. पत्र्याच्या सांध्यांतून, कडांवरून पाणी आत गेलं होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. आडव्या चॅनलवर फळी टेकते तिथे गंजाचे पापुद्रे सुटले होते. वरून मात्र यातलं काहीच दिसत नव्हतं. उघडी फळी निदान आधी सांगते: टोच्या घुसतो, हातोडी मारली की आवाज बद्द येतो. पत्र्याखाली ती मुकी होते.

वजनाचाही हिशोब करा. पाच मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साधारण 40 किलो भरतो. 12 बाय 8 फुटांची ट्रॉली म्हणजे जवळजवळ 9 चौरस मीटर. म्हणजे हाताने ओढायच्या गाडीवर मूर्ती चढण्याआधीच 350 किलो वाढले. त्यात ओला पत्रा अनवाणी पायाला घसरतो. आणि मूर्तीचा पाट हलू नये म्हणून लाकडावर दोन खिळ्यांत ठोकळा बसतो, पत्र्यावर तेवढ्यासाठी पुन्हा वेल्डर बोलवावा लागतो.

सागाबद्दल थोडक्यात. साग टिकतो हे खरं, पण टिकतो तो त्याचा आतला गडद गाभा. सालीलगतचा फिका भाग कुठल्याही स्वस्त लाकडासारखाच कुजतो, आणि स्वस्तात मिळणाऱ्या सागाच्या फळीत नेमका तोच जास्त असतो. त्यापेक्षा सालाच्या किंवा ऐनाच्या गाभ्याची फळी केव्हाही बरी. रे रोडला लाकूड घ्यायला जाल तेव्हा फळीचं टोक बघून घ्या, गडद गाभा किती आणि फिका भाग किती ते तिथे दिसतं.

फट न ठेवण्याची गोष्ट अर्धी खरी आहे. ताजी चिरलेली ओली फळी असेल तर ती घट्टच भिडवायची, कारण वाळताना ती आक्रसते आणि फट आपोआप पडते. वाळलेली फळी घट्ट बसवली तर पहिल्या पावसात ती रुंदीला फुगते, शेजारणीला ढकलते, आणि मधूनच उचलून बोल्ट ओढते. वाळलेल्या फळ्यांत चार-पाच मिलिमीटर फट हवी. पाणी त्यातूनच खाली जातं, वारा त्यातूनच वर येतो. फळ्यांची कापलेली टोकं मात्र रंगाचे दोन-तीन हात देऊन बंद करा, लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितं. चॅनलच्या माथ्यावर डांबरी रंग मारून मगच फळी ठेवा. बोल्ट जी.आय.चे (जस्ताचा मुलामा दिलेले), गोल टोपीचे घ्या, म्हणजे अनवाणी पायाला लागत नाहीत.

आणि जळकं ऑईल. कृपा करून नको. ते लाकडात पक्कं बसत नाही, पावसात धुपून गटारात जातं. त्यात शिसं असू शकतं, कॅन्सरला कारण ठरणारी द्रव्यं असतात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. अशा फळीवर पोरं अनवाणी नाचतात, बसून प्रसाद खातात. शिवाय मेसेजमधल्या दोन सूचना एकत्र केल्या तर काय होईल पाहा: ऑईल प्यायलेल्या फळ्या, त्यांवर वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि शेजारी मांडवाचं कापड. फळीला काही पाजायचंच असेल तर उकळलेलं जवसाचं तेल पाजा. ते पाणी झिरपणं कमी करतं, बुरशी मारत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात पुन्हा द्यावं लागतं. तेल पुसलेली फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा.

ज्यांनी आधीच पत्रा मारलाय त्यांनी घाबरून सगळा उखडू नये. मागच्या चाकांच्या वरचा, जिथे पाणी साचतं तो एक कोपरा कापून उघडा आणि टोच्या मारून बघा. टोच्या पाव इंच सहज गेला, तर यंदाची मूर्ती त्या ट्रॉलीवर चढवू नका.