‘आधी डेस्कटॉप काढून टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तुळशीच्या लग्नानंतर दोन दिवसांनी सकाळी सातला आत्तीचा फोन आला. “अरं, पासवर्ड घेतंय आणि परत पासवर्डच मागतंय. दुपारी पत्रिका प्रेसला द्यायच्यात. बघ की जरा येऊन.”

आत्ती मंगळवार पेठेत घरूनच लग्नपत्रिका, अर्ज, करारनामे टाइप करून देते. लॅपटॉप जुना, 4 जीबी रॅमचा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणून दिवाळीत मी त्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाकून दिली, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. मशीन व्यवस्थित चाललं होतं. मग अकरावीतल्या आत्येभावाला ग्रुपवर एक मेसेज आला, “लिनक्स घेतलंय? मग ही 5 कामं आधी करा”, आणि आईचं मशीन पळायला लागेल म्हणून त्यानं रात्री बसून ती करायला घेतली. पोरावर माझा राग नाही. राग आहे तो मेसेज लिहिणाऱ्यावर आणि न तपासता पुढं ढकलणाऱ्यांवर. त्याच आठवड्यात तो मला आणखी तिघांकडून आला.

मेसेजचं म्हणणं असं. एक, डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट (पडद्यावरचं पॅनेल, मेन्यू, सेटिंग्ज असं सगळं मिळून) निम्मी रॅम खातं. दोन, म्हणून ते आधी पर्ज करा, म्हणजे मुळासकट काढा, रीस्टार्ट करा आणि मग आयथ्री हा विंडो मॅनेजर (नुसत्या खिडक्या मांडणारा प्रोग्राम) टाका. तीन, खरे लिनक्सवाले डेस्कटॉप वापरत नाहीत. चार, थीम म्हणजे नुसता रंग, कुठलीही उतरवा, धोका नाही. पाच, वेलंड ही पडद्यावर चित्र उमटवायची नवी पद्धत आली, आता एक्सएफसीई आणि माटे हे डेस्कटॉप संपले.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण वाट तिथं लागली.

एपीटी म्हणजे मिंटमध्ये प्रोग्राम टाकायचं-काढायचं साधन. कमांड होती एपीटी पर्ज, पुढं एक्सएफसीई, त्याला चिकटून ताऱ्याची खूण आणि शेवटी ‘वाय’चा पर्याय. तारा म्हणजे या नावानं सुरू होणारी सगळी पॅकेजेस. पॅनेल, सेटिंग्ज, सेशन सगळं त्यात आलं, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेलंही सोबत निघतं. एरवी एपीटी आधी काय काय काढणार त्याची यादी दाखवतं आणि विचारतं, पुढं जाऊ का? ‘वाय’ लावलं की तो प्रश्नच येत नाही, उत्तर ‘हो’ धरलं जातं. पोरगं जिथं थबकलं असतं, नेमकी ती एकच जागा मेसेज लिहिणाऱ्यानं बुजवून टाकली होती. याला मी निष्काळजीपणाच म्हणेन. 2021 साली लायनस सेबॅस्टियन हा नावाजलेला यूट्यूबर पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हा गेमचा प्रोग्राम टाकताना ही यादी न वाचता पुढं गेला आणि कॅमेऱ्यासमोर त्याचा सगळा डेस्कटॉप उडाला. रोज कॉम्प्युटर खोलणाऱ्या माणसाचं हे झालं, तर अकरावीतल्या पोरानं काय करायचं?

आत्तीच्या मशीनवर लॉगिनचा पडदा येत होता, कारण तो वेगळा प्रोग्राम आहे. पासवर्डही बरोबर होता. पण आत उघडायला डेस्कटॉपच उरला नव्हता, म्हणून फिरून लॉगिन.

आणि यातलं काहीही करायची गरज नव्हती. एका मशीनवर दोन-तीन डेस्कटॉप आणि विंडो मॅनेजर शेजारी शेजारी सुखानं राहतात. आयथ्री बघायचंय? जरूर टाका. लॉगिनच्या पडद्यावर सेशन निवडायचं छोटं चिन्ह असतं. तिथून आज आयथ्रीत जा, उद्या एक्सएफसीईत या. जो चालू नाही तो रॅम खात नाही, डिस्कवर थोडी जागा धरतो एवढंच.

मी स्वतः बरीच वर्षं आयथ्री वापरतोय आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणूनच सांगतो, आत्तीच्या हातात ते देणार नाही. आयथ्रीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिलंय की ते प्रामुख्यानं जाणकार वापरकर्ते आणि डेव्हलपर यांच्यासाठी आहे. ते खिडक्या मांडून देतं. ब्राइटनेसच्या कळा, पेनड्राइव्ह लावल्यावर आपोआप उघडणं, अशा गोष्टी आपण कॉन्फिग फाइलमध्ये बसवायच्या. शिवाय आपली मराठी. आयथ्रीसोबत यादीतून हवं ते निवडायला सहसा डीमेन्यू वापरतात. मी एकदा आत्तीच्याच फायलींची यादी त्यात देऊन बघितली. ‘पत्रिका’ शब्द फुटला: त पाय मोडलेला, पुढं सुटा र, आणि ‘त्र’च्या आधी यायची ती पहिली वेलांटी त्या र च्या मागून. डीमेन्यू अक्षरं एकापुढं एक ठेवतं, जोडाक्षर बांधत नाही. त्याऐवजी रोफी लावलं की मराठी नीट दिसते, पण हे मेसेजमध्ये कुठं होतं? दिवसभर मराठीत काम करणाऱ्या बाईला काय सोयीचं, याचा विचार त्यात एका ओळीचाही नाही.

रॅमचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो मान्य करावा लागेल. नोम किंवा केडीई या मोठ्या डेस्कटॉपपेक्षा नुसता विंडो मॅनेजर कमी मेमरी घेतो, आणि 4 जीबीच्या मशीनवर ते जाणवतं. म्हणूनच तर एक्सएफसीई निवडलं होतं! त्याहून खाली उतरून जे वाचतं ते ब्राउझरचे चार टॅब एका झटक्यात खातात. मेमरीच्या तक्त्यात ‘फ्री’चा आकडा कमी दिसला म्हणून घाबरणाऱ्यांनी त्याच तक्त्यातला ‘अव्हेलेबल’चा आकडा बघावा. रिकामी रॅम लिनक्स डिस्कवरची माहिती हाताशी ठेवायला वापरतं आणि लागली की मोकळी करतं. मशीन खरंच पळवायचं तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा.

‘खरे लिनक्सवाले’ याला एका वाक्यात उत्तर: खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स 2011 मध्ये नोम 3 ला वैतागून एक्सएफसीईवर गेले आणि पुढं परत नोमवर आले, म्हणजे दोन्ही वेळा डेस्कटॉपच.

थीमचा मुद्दा मात्र धोक्याचा आहे. मार्च 2024 मध्ये केडीईच्या स्टोअरवरची एक ग्लोबल थीम (डेस्कटॉपचं सगळं रूप एकदम बदलणारी) लावल्यावर एका माणसाच्या फायली पुसल्या गेल्या, जोडलेल्या इतर ड्राइव्हवरच्यासुद्धा. थीमच्या आतल्या स्क्रिप्टमध्ये पुसायची कमांड होती आणि ती चुकीच्या जागी चालली. त्यानंतर केडीईच्याच डेव्हलपरांनी जाहीर सांगितलं की ग्लोबल थीम आणि विजेट कुठलाही कोड चालवू शकतात आणि स्टोअरवरचं सगळं त्यांनी तपासलेलं नसतं. ज्यांनी ते बनवलं तेच हे म्हणतात, मग ग्रुपवरच्या ‘धोका नाही’ला काय किंमत द्यायची? वॉलपेपर आणि रंगसंगती खुशाल बदला. अनोळखी ग्लोबल थीमला हात लावू नका.

वेलंडचं म्हणाल तर नोम आणि केडीई तिकडं चाललेत, हे खरं. पण डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या एक्सएफसीई 4.20 मध्येही वेलंडचा प्रायोगिक आधार आहे. मेलेल्या प्रकल्पात असं काम होत नाही.

ज्यांनी ही कमांड आधीच चालवली आहे त्यांनी फॉरमॅट मारू नका, दुकानातही धावू नका. लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ2 एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. मग एपीटी इन्स्टॉलनं मिंट-मेटा-एक्सएफसीई हे पॅकेज परत घ्या (इंग्रजीत mint-meta-xfce, मध्ये आडव्या रेघा) आणि रीस्टार्ट करा. पर्ज तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही.

आत्तीच्या पत्रिका शाबूत होत्या. पॅनेलवर डावीकडं तिनं स्वतः लावलेलं रायटर या टायपिंगच्या प्रोग्रामचं चिन्हसुद्धा जिथल्या तिथं होतं. दुपारी दोनला फाइल प्रेसला गेली.