सण मला कळतो: बर्फाच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गेल्या आठवड्यातल्या माझ्या पोस्टवर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. खाली दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळंच टाकतोय.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबर आला की ऑनलाइन स्पेस गेम्समध्ये सणासुदीचे इफेक्ट येतात. यानांवर दिव्यांच्या माळा, स्टेशनबाहेर बर्फ, आतषबाजी. माझं म्हणणं होतं की हे सगळं जरूर असावं, पण त्या गेमच्या अवकाशात ते जसं दिसेल तसं दिसावं. जवळपास एकही ग्रह नाही, सगळीकडे पोकळी, आणि तरी बर्फ स्क्रीनच्या वरून खाली भुरभुरतोय. फटाका फुटतो आणि त्याच्या ठिणग्या माडाच्या झावळ्यांसारख्या वाकून खाली उतरतात. खाली म्हणजे कुठे? हे खटकलं, ते लिहिलं. गेमचं नाव तेव्हा घेतलं नव्हतं, आताही घेत नाही, कारण मुद्दा एका गेमचा नाही.

त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: “सर, ज्या गेममध्ये इंजिन बंद केलं की यान आपोआप थांबतं, तिथे तुम्हाला फक्त बर्फच खोटा वाटला का? पोरं दोन आठवडे मजा करतात तर तुम्ही फिजिक्सची वही घेऊन बसलात. ज्याला सणच कळत नाही त्याने सणावर लिहू नये. त्यापेक्षा त्या इफेक्टमुळे जुन्या ग्राफिक्स कार्डवर गेम अडकतो, त्यावर लिहिलं असतंत तर कुणाला उपयोग तरी झाला असता.” आणि शेवटी हसणारा चेहरा.

पहिल्यांदा एक मान्य करतो. माझ्या त्या पोस्टचं शीर्षक चढ्या आवाजातलं होतं. ‘बर्फाचा खोटेपणा’ याऐवजी साधं काही देता आलं असतं. ते सोडलं तर त्या पोस्टमध्ये मी कुणाच्या मजेला नावं ठेवलेली नाहीत. एकाही खेळाडूला काही म्हटलेलं नाही. तुम्ही मात्र सुरुवातीचा ‘सर’ आणि शेवटचा हसरा चेहरा यांच्यामध्ये मला सण कळत नाही असा निकालच देऊन टाकलात. मतभेद असू द्यात, ते हवेतच, पण समोरच्या माणसाची काहीही माहिती नसताना हे लिहायला हात कसा धजावतो, ते मला समजलं नाही.

म्हणून त्या एका वाक्याचंच उत्तर आधी देतो.

मी जुन्या नाशकात वाढलो. तिवंध्याच्या बाजूच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. नाशकात रंग खेळतात तो धुळवडीला नाही, रंगपंचमीला, आणि आमच्याकडे रंगपंचमी म्हणजे रहाड. बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल: वर्षभर ज्या रस्त्यावरून दुचाक्या, हातगाड्या जातात त्याच्या पोटात पेशवेकाळातला दगडी हौद झाकलेला असतो. सण जवळ आला की माती काढायची, लाकडी ओंडके उचलायचे, हौद धुऊन भरायचा, फुलं उकळून केलेला रंग ओतायचा. पूजा झाली की धप्पे सुरू. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. काठावर उभं राहिलं की आधी वास येतो, उकळलेल्या फुलांचा आणि वर्षभर ऊन न पाहिलेल्या दगडाचा. कुणीतरी वरून उडी टाकतो, धप्प असा आवाज चौकातल्या भिंतींवर आपटतो, आणि हौदातलं पाणी उसळून काठावरच्या सगळ्यांना भिजवून टाकतं. जो उडी मारत नाही तोही कोरडा राहत नाही. पंचमीनंतर शाळेत गेलो की पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला मानेचा रंग लागायचा आणि आई दर वर्षी तेच बोलायची.

आता मला सांगा, हा सण त्या जागेपासून वेगळा काढता येईल का? हौद खोल आहे, पाणी जड आहे, उडी उंचावरून आहे, म्हणून धप्पा. त्याच रंगाचा फवारा स्क्रीनवर वरून खाली सोडला तर त्याला रहाड म्हणाल? मी नाही म्हणणार. तिवंध्यातला कुणीच म्हणणार नाही.

आणि आपल्या गावाला तर हे सांगायलाच नको. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. २०१५ साली झाला, आता २०२७ चा येतोय. बारा वर्षांचं अंतर का? गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात म्हणून. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला लाखो माणसं एका ग्रहाच्या गतीच्या हिशोबाने जमतात. फिजिक्सची वही म्हणालात ना? नाशिकचा सगळ्यात मोठा सण त्याच वहीत लिहिलेला आहे.

अवकाशात गेलेल्या माणसांनीही सण केले आहेत, आणि तिथे जे होतं त्यातच केले. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ या अमेरिकी यानातून वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी चोरून नेलेला माउथ ऑर्गन आणि घुंगरं वाजवून नाताळचं गाणं जमिनीवर ऐकवलं. १९७३ च्या नाताळात स्कायलॅब या अमेरिकी अवकाश स्थानकावर तिघं होते. झाड कुठून आणणार? त्यांनी जेवणाच्या रिकाम्या डब्यांचंच झाड केलं. २०२४ ची दिवाळी सुनीता विल्यम्स यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर काढली आणि तिथून सगळ्यांना शुभेच्छा पाठवल्या. पणती मात्र तिथे लावता येत नाही. आणि समजा लावली, तर तिची ज्योत अशी टोकदार, वर जाणारी नसेलच. गरम हवा हलकी होऊन वर चढते म्हणून आपली ज्योत उभी असते. वजनच नसेल तर गरम हवेला वर जायला ‘वर’ उरत नाही. नासाने अवकाशात मेणबत्त्या जाळून पाहिल्या आहेत. ज्योत गोल होते, छोटी, निळसर.

डोळ्यांसमोर आणा. एखाद्या गेममध्ये यानाच्या केबिनमध्ये तशी गोल निळी पणती. इंजिन चालू होऊन वेग घेतला की तीच ज्योत लांबट होऊन पुढे टोक धरते, इंजिन बंद केलं की परत गोल. तो इफेक्ट ज्या दिवशी कुणी करेल त्या दिवशी मी इथे त्याचं कौतुक करताना दमणार नाही. मूळ पोस्टमध्ये मी हेच मागत होतो. सण काढून टाका असं मी कुठे म्हटलंय, दाखवा.

फटाक्यांचंही तेच. पोकळीत फटाका पेटणार नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. पेटतो. दारूत सोरा असतो, जळायला लागणारा ऑक्सिजन तो स्वतःबरोबरच घेऊन येतो. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा, रंगही तेच. फरक फुटल्यानंतर पडतो. इथे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, फटाका फुटला की हवा ठिणग्यांना अडवते, त्यांचा वेग मरतो आणि मग जमीन त्यांना ओढते, म्हणून त्या वाकतात. पोकळीत अडवणारं कुणी नाही. प्रत्येक ठिणगी सरळ रेषेत जात राहते, एकच वेग, न मंदावता. म्हणजे एक नितळ गोल, विझेपर्यंत वाढत जाणारा. धूर रेंगाळत नाही. आणि तुमचं यान ज्या वेगाने चाललं होतं तो वेग त्या अख्ख्या गोलाला मिळालेला असतो, त्यामुळे तो तुमच्या बाजूने तुमच्याबरोबरच तरंगत निघतो. तुम्ही फटाक्याच्या जवळ असाल तर ठिणग्या तुमच्या दोन्ही अंगांनी निघून जातात आणि तुम्ही त्या गोलाच्या आत असता. यातलं काय कमी मजेचं आहे? झावळ्या तर आपण दर दिवाळीला गच्चीवरून फुकट बघतो.

बर्फ हवा असेल तर तोही आहे. शनीचा चंद्र एन्सेलॅडस, जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा. २००५ मध्ये कॅसिनी यानाने त्याच्या दक्षिण ध्रुवावरून उसळणारी वाफेची आणि बर्फकणांची कारंजी पाहिली. त्यातले बरेच कण परत त्याच्याच जमिनीवर पडतात, उरलेले निसटून शनीभोवतीच्या ई-कड्यात जातात. तिथे गुरुत्वाकर्षण इतकं कमी की दोन मीटरवरून सोडलेला कण खाली यायला सुमारे ६ सेकंद घेतो. हवा नसल्यामुळे बर्फाचा कण आणि दगड एकदमच पोहोचतात. हिवाळ्याच्या कार्यक्रमासाठी याहून चांगली जागा कोणती? खेळाडूंना तिथे न्या, कारंज्यातून यान उडवू द्या. कोऱ्या पोकळीत वरून कापूस सोडायची गरजच नाही.

तुम्हाला वाटेल हा घरबसल्या सल्ले देतो. मी हे गेम आजकाल सुरू केलेले नाहीत. बीएसएनएलचं डाउनलोड रात्री दोन ते सकाळी आठ फुकट असायचं, तेव्हापासून खेळतोय. दोनचा गजर लावून उठायचं, अपडेट लावायचं आणि कॉलेजला झोपाळलेल्या डोळ्यांनी जायचं. ईव्ह ऑनलाइन या स्पेस गेमचा सर्व्हर रोज आपल्या दुपारी साडेचारला बंद होतो हे माझ्या अंगात इतकं भिनलंय की आजही त्या वेळी नकळत घड्याळाकडे नजर जाते. तेव्हा मजा काय असते ते मला शिकवू नका.

आता तुमचं पहिलं वाक्य, इंजिन बंद केलं की यान थांबतं. हो, थांबतं. ईव्हमध्ये यानं अवकाशात नाही, दाट पाण्यात चालल्यासारखी चालतात, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. पण तो नियम सगळ्यांना, सगळीकडे, वर्षभर सारखा लागू आहे. त्यावर तिथली अख्खी लढाई बेतलेली आहे. तसंच एलिट डेंजरसमध्ये पोकळीतही आवाज येतात, पण कॉकपिटची काच फुटली की ते एकदम दबतात, स्वतःचा श्वास ऐकू येतो आणि ऑक्सिजनची उलटी मोजणी सुरू होते. गेमने स्वतःचा नियम केला आणि पाळला. दोन आठवड्यांसाठी वरून चिकटवलेल्या बर्फाला असा कुठलाच नियम नसतो. जिथे असतो तिथे माझी तक्रार नाही. ईव्हमध्येच फेस्टिव्हल लाँचर आहे: तो यानावर बसवायला एक जागा द्यावी लागते, बर्फाचे गोळे त्यात भरावे लागतात, गोळा लागला तरी इजा होत नाही. हे मूळ पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, चौथ्या परिच्छेदात. तुम्ही तिथपर्यंत पोहोचला होतात का? स्टार ट्रेक ऑनलाइनमधली क्यूची हिवाळी दुनियाही मला आवडते, कारण तिथे क्यू नावाचं सर्वशक्तिमान पात्र आहे, बर्फ त्याने आणलाय, विषय संपला.

ग्राफिक्स कार्डबद्दल: सेटिंग्जमध्ये इफेक्ट आणि पार्टिकल्स सगळ्यात खालच्या पातळीला न्या, बहुतेक भागेल. माझ्या पोस्टचा तो विषय नव्हता आणि प्रत्येक पोस्ट प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला धरून लिहिता येत नाही.

राहता राहिली पोरं. माझा पुतण्या अकरावीत आहे आणि माझ्या शेजारी बसून हे गेम खेळतो. गोल फुटणाऱ्या फटाक्याचं मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “काका, मग असंच का नाही करत हे?” पोरांना खरं दिलं तर त्यांची मजा जाते हे तुम्ही कशावरून ठरवलंत मला माहीत नाही. माझ्या घरात तसं दिसलेलं नाही.

बर्फावर, फटाक्यांवर, यानाच्या जडत्वावर वाद घालायचा असेल तर पुन्हा लिहा, मी उत्तर देईन. माझ्या सणाबद्दल लिहिणार असाल तर पुढची प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.