धुराचा दाखला

कॅलिफोर्नियात लग्नाच्या मुलीची नसेल, पण गाडीची पत्रिका नक्की बघतात. पेट्रोलची गाडी 1975 किंवा त्याआधीची असेल तर धुराच्या तपासणीतून कायमची सुटका. मग ती हायवेवर होळी पेटवल्यासारखी का जाईना! 1976 ची किंवा त्यापुढची असेल (अगदी नवी सोडून) तर मात्र दर दोन वर्षांनी दाखला आणा, नाहीतर नोंदणी विसरा. माझी फियाट 124 स्पायडर 1978 ची. थोडक्यात हुकलं.

फियाटच का, असं इथल्या मित्रांनी विचारलं. डोंबिवलीला बाबांची फियाट होती. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मी आमच्या गल्लीत तरी पाहिला नाही. तेव्हा हाताशी चार पैसे आल्यावर, छप्पर मागे टाकता येणारी, लाल, इटालियन फियाट दिसली आणि मी नेवाडातल्या एका आडगावातून ती घेऊन आलो. त्या गावात धुराची तपासणी हा प्रकारच नव्हता. गाडी मात्र मूळची कॅलिफोर्नियात विकलेली. बॉनेटखाली तसं स्टिकरच होतं, व्हॅक्यूमच्या नळ्यांच्या नकाशासकट. नकाशात नळ्या भरपूर होत्या. गाडीत दोन.

धुराची तपासणी म्हणजे धूर तपासत असतील, असा कुणाचाही समज होईल. तपासतातही. गाडी रोलरवर चढवतात, ताशी 15 आणि 25 मैलांच्या वेगाने जागच्या जागी पळवतात आणि मागे नळी खुपसून वायू मोजतात. शिवाय तपासनीस बॉनेट उघडतो, विजेरी पाजळतो आणि कंपनीने दिलेला एकेक भाग जागेवर आहे का ते बघतो. धूर गंगाजलाइतका शुद्ध निघाला तरी भाग गायब असेल तर नापास.

‘‘एअर पंप?’’ त्याने विचारलं.

तिथे पंपाचा ब्रॅकेट होता. ब्रॅकेटला बोल्टची भोकं होती. पंप नव्हता.

‘‘ईजीआर व्हॉल्व्ह?’’

त्या जागी पत्र्याचा एक तुकडा स्क्रूने आवळलेला होता. कुणीतरी मनापासून केलेलं काम होतं, कडा घासून गोल केल्या होत्या.

‘‘डायव्हर्टर व्हॉल्व्ह? कोळशाचा डबा?’’ त्याचा आवाज हळूहळू डॉक्टरसारखा होत गेला. ‘‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तरी...’’ असं म्हणत तो खाली वाकला आणि काही न बोलता उभा राहिला.

ही मंडळी गेली कुठे, त्याला इतिहास आहे. 1943 च्या जुलैत लॉस एंजेलिसवर इतका दाट, डोळे चुरचुरवणारा धूर उतरला की जपान्यांनी विषारी वायू सोडला असं लोकांना वाटलं. पुढे हागेन-स्मिट नावाच्या मूळच्या डच शास्त्रज्ञाने, जो तोवर कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादावर संशोधन करत होता, दाखवून दिलं की गाड्यांचा आणि तेलकारखान्यांचा धूर उन्हात शिजून हे होतं. (अननस सोडून धूर हुंगायला लागलेल्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.) मग कायदे आले आणि इंजिनांवर एकेक उपकरण चढत गेलं. एअर पंप एक्झॉस्टमध्ये ताजी हवा फुंकतो, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तिथेच जळतं. ईजीआर थोडा धूर परत इंजिनात ढकलतो, त्याने आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. डायव्हर्टर व्हॉल्व्ह पंपाची हवा नको तेव्हा दुसरीकडे वळवतो. कोळशाचा डबा टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवतो. कन्व्हर्टर उरलेसुरले विषारी वायू निरुपद्रवी करतो. सगळं शहाणपणाचं. पण त्या काळात गाडी जरा अडखळली की मेकॅनिक पहिला सल्ला द्यायचा, हे लटांबर काढून टाका, इंजिन मोकळा श्वास घेईल. लोकांनी काढलं आणि फेकलं. त्यामुळे आज स्पायडरचं कार्ब्युरेटर मिळतं, दिवे मिळतात, छपराचं कापड तीन रंगांत मिळतं. पंप मागितला की समोरचा हसतो.

मी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं.

‘‘कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारू का?’’ त्यांनी लगेच उपाय काढला.

‘‘बाबा, आपल्या फियाटला हे भागच नव्हते.’’

‘‘मग काय बिघडलं? चाललीच ना?’’

यावर कॅलिफोर्निया सरकारकडेही उत्तर नसेल.

भंगारवाड्यांत कुणाला स्पायडर माहीत नव्हती, आणि ज्यांना माहीत होती ते विकायला तयार नव्हते. अखेर फ्रेस्नोच्या पुढे एका म्हाताऱ्या मेकॅनिकची शेड सापडली. आत फळ्यांवर खोकी होती आणि त्यातल्या एकावर मार्करने ‘कचरा’ लिहिलेलं होतं. त्याने खोकं पायाने पुढे सरकवलं. आत पंप, व्हॉल्व्ह, डबे, नळ्या, सगळा गोतावळा सुखाने धूळ खात पडला होता.

‘‘हे गाड्यांवरून काढायचे मी लोकांकडून पैसे घेतले,’’ तो म्हणाला. ‘‘आता गाडीवर चढवायला तू मला पैसे देणार.’’ आणि खुर्चीत बसून इतका वेळ हसला, की आता भाव कमी करेल अशी आशा वाटली. केला नाही.

पंप सहज सुटला. हाताने फिरेना म्हणून उघडला, आतली जळमटं काढली, नवं बेअरिंग घातलं, फिरला. खरी परीक्षा ईजीआर व्हॉल्व्हने घेतली. मुठीएवढा, वर पत्र्याची टोपी, खाली दांडा, आणि दांड्याभोवती चाळीस-पंचेचाळीस वर्षांची काजळी साचून दगड झालेली. कार्ब क्लीनर मारायचं, दाभणाने खरवडायचं, पुन्हा मारायचं. काळी ढेकळं पडत राहतात आणि दांडा ढिम्म. स्वच्छ झाल्यावर आतला पडदा फाटलेला नाही ना, हे बघायची स्वस्त युक्ती अशी, की व्हॉल्व्हला कोरी नळी जोडायची, तोंडाने हवा ओढायची आणि नळीच्या टोकावर जीभ दाबून धरायची. दांडा वर उचलला जातो. जीभ काढेपर्यंत वरच राहिला तर पडदा शाबूत.

दांडा उचलला! मी श्वास रोखून मनात आकडे मोजत होतो, तेवढ्यात गॅरेजचं दार उघडलं.

‘‘तू नक्की काय करतोयस?’’ बायकोने विचारलं.

उत्तर द्यायचं तर जीभ लागते. मी व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. तिने व्हॉल्व्हकडे, नळीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. ‘‘जेवायला वाढलंय,’’ म्हणाली, ‘‘ते तोंडातून काढलंस तर ये.’’

कन्व्हर्टर तेवढा नवा घ्यावा लागला, तोही कॅलिफोर्नियाच्या मंजुरीचा क्रमांक कोरलेला. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंमुळे त्याला भाव आहे. या सगळ्या कुटुंबात चोरांनी लक्ष घालावं असा तो एकटाच.

दुसऱ्या खेपेला तपासनीसाने विजेरी फिरवली, स्टिकरवरचा नकाशा आणि माझ्या नळ्या बराच वेळ ताडून पाहिल्या. गाडी रोलरवर धावली. पास! त्याने शेजारच्या माणसाला बोलावून पंप दाखवला, कारण त्या माणसाने या गाडीवर तो कधी पाहिलाच नव्हता.

संध्याकाळी बाबांना कागद दाखवला.

‘‘छान! आता पळत असेल जोरात.’’

‘‘नाही. जराशी हळू झालीय. पंप इंजिनावरच फिरतो, ताकद खातो.’’

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. नेटवर्क गेलं असं वाटलं.

‘‘म्हणजे एवढे पैसे घालून तू गाडी हळू करून घेतलीस?’’

‘‘हो.’’

‘‘आमच्याकडे पीयूसीवाला पेट्रोल पंपावरच असतो,’’ बाबा म्हणाले. ‘‘मागून नळी घालतो, कागद देतो. बॉनेट उघडायला सांगितलं तर घाबरेल तो.’’