रॅपो झाला, सही करा

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना फील्डवर्कला, म्हणजे लोकांच्या घरी आणि संस्थांत प्रत्यक्ष कामाला, पाठवण्याची जबाबदारी यंदा तुमच्या गळ्यात पडली असेल, तर आधी अभिनंदन. काम दिसतं तितकं अवघड नाही. विद्यार्थ्यांची तयारी करून घ्यायची म्हणजे त्यांच्या फाइलची तयारी करून घ्यायची, एवढं एकदा मनाशी पक्कं केलंत की वर्ष सुखात जाईल.

मूळ घोळ अमेरिकेत समाजकार्याचा पाया घालणाऱ्या मेरी रिचमंड बाईंनी घालून ठेवला. गोरगरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्यांनाही रीतसर शिक्षण हवं, त्यासाठी शाळा काढा, असं त्यांनी 1897 साली टोरांटोच्या परिषदेत मांडलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कात सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरूही झाला. सहा आठवडे! आपण ओरिएंटेशन दीड दिवसात उरकतो आणि त्यातला अर्धा दिवस पाहुण्यांचा परिचय आणि आभारप्रदर्शन यांतच जातो. राहिलेल्या वेळात रिपोर्टला समास किती सोडायचा, फाइलचं कव्हर कोणत्या रंगाचं आणि सही कुणाची आधी, हे नीट समजावून सांगा. कुणी विचारलंच की समोरचा माणूस बोललाच नाही तर काय करायचं, तर ‘तिथे गेल्यावर कळेल’ असं सांगा. या उत्तरावर कित्येक पिढ्या शिकून बाहेर पडल्या आहेत.

पाठांतराला मात्र सूट देऊ नका. फेलिक्स बीस्टेक या धर्मगुरूंनी 1957 साली केसवर्कच्या, म्हणजे एकेका व्यक्तीला मदत करतानाच्या, नात्याची सात तत्त्वं मांडली, ती मुलांना झोपेतून उठवून विचारली तरी एका दमात म्हणता आली पाहिजेत. स्वीकार, स्वयंनिर्णय, गोपनीयता आणि बाकीची चार. ती वापरायची कशी, हे विचारण्याइतका दम उरता कामा नये.

गोपनीयतेचं तर विशेष. क्लायंट म्हणजे ज्याला मदत करायची तो माणूस. ‘क्लायंटची गोष्ट कुणालाही सांगायची नाही’ एवढं एक वाक्य फळ्यावर लिहा आणि पुढे चला. मग दुसऱ्याच आठवड्यात एखादा आठ-नऊ वर्षांचा मुलगा चित्र रंगवता रंगवता, मान वर न करता विचारतो, “ताई, एक सांगू? पण कुणाला सांगणार नाही ना?” तुमची विद्यार्थिनी लगेच शब्द देते. तिला तसंच शिकवलंय. आणि तो जे सांगतो, ते तिने पुढे कुणाला तरी सांगितल्यावाचून गत्यंतर नसतं. आता तिने शब्द मोडायचा की मुलाला त्याच घरात परत जाऊ द्यायचं? असा शब्द द्यायचाच नसतो, ‘तुला कुणी त्रास देत असेल तर मला मदत आणावी लागेल’ हे आधीच त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं असतं. वर्गात ते दहा मिनिटांत शिकवून होतं, सराव करून घेतला तर तासाभरात. पण त्या तासाला आपल्याला कव्हरचा रंग ठरवायचा असतो.

रोल प्ले जरूर घ्या, वर्गाला मजा येते. एक मुलगी सोशल वर्कर, दुसरी क्लायंट. क्लायंट खुर्चीवर बसताक्षणी म्हणते, “माझे पती व्यसनी आहेत, मला समुपदेशनाची गरज आहे.” वर्कर पुढे झुकते आणि “मी तुमच्या भावना समजू शकते” म्हणते. क्लायंट ठरल्या वेळी रडते, ठरल्या वेळी थांबते आणि तास संपायच्या आत पती व्यसनमुक्ती केंद्रात. टाळ्या. प्रत्यक्षात ती बाई दार अर्धवट उघडून उभी असते. आत टीव्ही मोठ्याने चालू असतो. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सासू देते. नवऱ्याबद्दल अवाक्षर नाही, गळक्या छपराबद्दल मात्र बाई भरभरून बोलते, आणि तुमची विद्यार्थिनी मनातल्या मनात ‘मी तुमच्या भावना समजू शकते’ कुठे बसवावं ते शोधत राहते. वर्गात कुणी एखाद्या मुलीला अर्ध्या दारात उभं करून ‘आता बोल’ म्हटलं असतं, छपराचं बोलणं हेच कदाचित तिच्या विश्वासाचं पहिलं पाऊल असेल असं सांगितलं असतं, तर गोष्ट वेगळी. पण त्या रोल प्लेला टाळ्या पडत नाहीत.

घरभेटीला एकटं जावं लागलं तर कुणाला कळवायचं, घरात कुणी अंगावर धावून आलं तर काय, कोणता फोन नंबर जवळ ठेवायचा, हे प्रश्न विचारणारा विद्यार्थी नकारात्मक विचारांचा समजावा. त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या तासाला पाठवा.

आता रिपोर्ट. सगळी विद्या इथे पणाला लागते. पहिल्या आठवड्यात एखादं भोळं पोर लिहितं, ‘ती पंधरा मिनिटं गप्प होती. मला काय करावं ते सुचलं नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.’ इतकं सरळ कुणी लिहिलंय? लाल पेनाने गोल करा आणि शेजारी लिहा: ‘हस्तक्षेप कुठे आहे?’ पोरं हुशार असतात. पुढच्या आठवड्यापासून ‘क्लायंटशी रॅपो (म्हणजे विश्वासाचं नातं) प्रस्थापित झाला’ हे वाक्य सुरू होतं आणि फाइल बंद होईपर्यंत रॅपो दर आठवड्याला नव्याने प्रस्थापित होत राहतो. चिंतन लिहायला सांगायचं तर ग्रॅहम गिब्ज यांचं 1988 सालचं सहा टप्प्यांचं चक्र छापून द्या. त्यातल्या ‘भावना’ या टप्प्यासमोर ‘छान वाटले’ असं आलं की बरोबरची खूण करा. ‘भीती वाटली’ आलं तर गुण कापा. ‘राग आला’ असेल तर आधी पालकांना बोलवायचं का, याचा विचार करा.

सुपरव्हिजनबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामावरच्या देखरेखीबद्दल, थोडक्यात. समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कडूशिन यांनी तिची तीन कामं सांगितली: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचं. आपण पहिल्यापाशीच थांबावं. विद्यार्थी जिथे काम करतात त्या एजन्सीच्या सुपरवायझरच्या हाताखाली आधीच वाजवीपेक्षा दुप्पट केसेस असतात. तिला पोरांना शिकवायचा वेळ कामातून मोकळा करून मिळतो का, हे चुकूनही विचारू नका. उत्तर ऐकलंत तर काहीतरी करावं लागेल. ती मुलांना रजिस्टरं लिहायला बसवते, मुलं आनंदाने लिहितात. घड्याळ पुढे सरकतंय, एवढं आपल्याला पुरे.

फील्डवर्कच्या तासांचा हिशेब मात्र चोख हवा. अमेरिकेत पदवीला किमान 400 आणि पदव्युत्तरला 900 तास लागतात. इंग्लंडात 200 दिवस, त्यातले 30 पर्यंत कौशल्यसरावाचे धरता येतात. अमेरिकेच्या समाजकार्य शिक्षण परिषदेने तर 2008 साली फील्डवर्क हीच या व्यवसायाची खास अध्यापनपद्धती असल्याचं जाहीर केलं. अशा वाक्यांची आपल्याला ना नाही. मोठ्या अक्षरांत छापून फील्डवर्क विभागाच्या दारावर लावा. दाराला कुलूप असलं तरी लांबून वाचता येतं.

राहता राहिला निरोप. क्लायंटशी जुळलेलं नातं थांबवायचं कसं, त्याला किती आधी सांगायचं, पुढे त्याने कुणाकडे जायचं, यावर पुस्तकांत प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. आपण परीक्षेचं वेळापत्रक लावतो आणि विद्यार्थी आपोआप नाहीसे होतात. पुढच्या वर्षी नवी तुकडी त्याच घरी जाते, तेच प्रश्न घेऊन. एव्हाना घरातले आजोबा तरबेज झालेले असतात. प्रश्न विचारण्याआधीच नाव, वय, शिक्षण, उत्पन्न, कुटुंबातील सदस्य अशा क्रमाने सांगत सुटतात, मध्ये थांबून “लिहिलंत ना?” असं विचारतात, आणि ‘समस्या’ या रकान्यात मागच्या मुलीने काय भरलं होतं तेही सांगतात. अशा घरांचे पत्ते जपून ठेवा आणि नवखी मुलं तिथेच पाठवा. रिपोर्ट वेळेवर येतो.