‘बिफोर’ म्हणजे नुसतं ‘आधी’ नव्हे, भावा

आठवड्यात तीन ग्रुपवरून एकच मेसेज आला. म्हणणं असं: इंग्रजी ‘बिफोर’चा अर्थ फक्त ‘आधी’; जागेसाठी तो वापरणं ही आपल्याकडची चूक; ‘अगो’ आणि ‘बिफोर’ एकच; आणि वेळ नि जागा एकाच शब्दात कोंबणारी इंग्रजी गरीब, मराठीत असला घोळ नाही.

मुळात हा शब्द जागेचाच. त्यातला ‘फोर’ म्हणजे पुढची बाजू, ‘फोरहेड’मध्ये आहे तोच. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय. तिथं वकील ‘बिफोर द कोर्ट’ उभा राहतो तो कोर्टाच्या आधी नव्हे, कोर्टापुढे. ‘बिफोर बिंदू चौक’ उतरायचं असेल, तर चौकाच्या अलीकडे. हां, घरासमोर झाड आहे म्हणायला आजच्या इंग्रजीत ‘इन फ्रंट ऑफ’च बरं. तेवढं मेसेजवाल्याचं मान्य.

‘अगो’चं मोजमाप आजपासून मागे. ‘टू डेज बिफोर’ मात्र गोष्टीतल्या एखाद्या दिवसापासून मोजायचं, जोतिबाच्या यात्रेच्या दोन दिवस आधी, असं. ‘आय केम टू डेज बिफोर’ एवढंच लिहून थांबलात, तर वाचणारा विचारणार, कशाच्या?

‘द टास्क बिफोर अस’ घ्या. इथं ‘आधी’ लावून बघा, डोकं फिरेल. हे अजून व्हायचं काम, आपल्यापुढचं. म्हणजे ‘बिफोर’ मागचंही दाखवतो आणि येणारंही.

आता मराठीत घोळ नाही म्हणे! अंबाबाईपुढे हात जोडले, रंकाळ्याच्या पुढे घर बांधलं, पुढच्या सोमवारी वास्तुशांत. एकच ‘पुढे’, पण समोर, पलीकडे आणि नंतर, तिन्ही त्यात. ‘अलीकडे’ तसाच, चौकाच्या अलीकडे आणि हल्लीचाही. ‘पूर्वी’ ज्या ‘पूर्व’तून आला, त्याचे संस्कृतात पुढचा, पूर्वेचा, आधीचा असे सगळे अर्थ, उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की पुढं पूर्वच. (आपल्या अंबाबाईचं मुख पश्चिमेला, म्हणून तर किरणोत्सवात मावळतीचं ऊन गाभाऱ्यात शिरतं.)

आणि ‘परवा’? ‘परवा आलो होतो’ आणि ‘परवा येतो’. क्रियापद कानावर पडेपर्यंत कळत नाही, पाहुणा येऊन गेलाय की अजून यायचाय.