दोन स्टारला उत्तर: तोटी, वायसर आणि अकराची वेळ

नमस्कार ताई,

आमच्या रविवारच्या नळ-वीज दुरुस्तीच्या वर्गाबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. तुम्ही लिहिलंय, "१,८०० रुपये फी घेतात आणि पहिला रविवार नुसता टेस्टर धरायला शिकवण्यात घालवतात. घरी तोटीचा वायसर बदलला तर आठ दिवसांत परत गळायला लागली. काही विचारलं की 'मघाशीच सांगितलं' म्हणतात. पैसे पाण्यात." तुम्हाला असं तोडून उत्तर मिळालं, ते चुकलंच. माफी मागते.

टेस्टरवर एक रविवार जातो आणि तो जाणारच. टेस्टर आधी दुसऱ्या लाइनच्या चालू सॉकेटवर लावायचा, मग एमसीबी (त्या लाइनची वीज तोडणारा खटका) पाडून कामाच्या जागी, मग परत चालू सॉकेटवर. टेस्टरचा दिवाच गेलेला असेल तर चालू वायरसुद्धा बंद वाटते. यात घाई नको.

पण तोटीचं मनाला लागलं. दुसऱ्या रविवारी वर्ग अकराला सुरू झाला. हजेरीच्या वहीत तुमच्या सहीपुढं ११.५० आहे. काही अडचण असेल, त्याबद्दल बोलत नाही. पण तोवर तोटी उघडून आतली सीट साफ करून झाली होती. तुम्ही पाहिलं ते फक्त वायसर बसवणं, आणि सगळ्यात सोपं काम तेच.

लातूरला बहुतेक घरी बोअरचं पाणी, तेही जड. ज्या पितळी कडेवर वायसर टेकतो त्या सीटवर क्षारांचा थर बसतो, खरखरीत होतो. त्यावर नवा कोरा वायसर ठेवला तरी तो कापलाच जाणार. म्हणून टाकीखालचा कॉक बंद केला, तोटीतलं पाणी काढलं, स्पिंडल (वायसर ज्याच्या टोकाला असतो तो दांडा) बाहेर आला की आधी करंगळी आत घालून सीट चाचपायची. खरखर लागली तर अर्धा कप पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून त्यात भिजवलेला चिंधीचा बोळा अर्धा तास आत ठेवायचा. मग पेन्सिलच्या टोकाला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हातानं फिरवायचा. नंतर कॉक क्षणभर उघडून कचरा वाहू द्यायचा. हे राहिलं तर तोच कण वायसरखाली अडकतो. सीटला खड्डाच पडला असेल तर घासून उपयोग नाही, सीट कटर (सीट सपाट करायचं अवजार) लागतो किंवा तोटी बदलावी लागते.

आणखी एक. स्पिंडल परत बसवताना तोटीची चावी, म्हणजे वरची फिरवायची मूठ, उघडी हवी. बंद ठेवून वरचा नट आवळला तर वायसर सीटवर दाबून पिळला जातो आणि पहिल्याच दिवशी फाटतो. हेही सव्वाअकरालाच सांगून झालं होतं.

तुमचा वायसर काढून बघा. एकाच बाजूला कापलेला असेल तर सीट खराब. सगळीकडून सारखी खोल गोल खूण उमटली असेल तर घरात कोणीतरी चावी जोर लावून आवळतंय. (पुरुषमंडळींची ही सवय जात नाही.) आणि तोटी पाव फेऱ्यातच उघडत असेल तर त्यात बहुधा वायसर नसतोच, आतलं कार्ट्रिज बदलावं लागतं.

१,८०० रुपयांत चार रविवार आहेत. दोघींत एक तोटी, एक स्विचबोर्ड, आणि शिकताना जे वाया जातं ते आमच्याकडून. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव आहे. इथं सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला ८६,४०० थेंब जातात. असल्या गावात "पैसे पाण्यात" हे वाचून वाईट वाटलं, एवढंच.

उशिरा येणाऱ्यांसाठी पायऱ्यांचा छापील कागद द्यायचं ठरतंय, बघू, पुढच्या बॅचपासून. बोलण्याच्या पद्धतीबद्दलही शिकवणाऱ्या ताईंना सांगितलंय.

येत्या रविवारी ती तोटी काढून आणा, जुना वायसर पण आणा, फेकू नका. वेगळे पैसे नाहीत. स्टार बदलायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त अकराला या.